वाचकांचे प्रश्न : जिथे सभा भरली, तिथे फलकाने काय सांगावे?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीस आहे. त्याच्याकडे गेले असता आम्ही यॉर्क नावाच्या गावी जुन्या धाटणीची एक विटांची इमारत पाहिली. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात अमेरिकेची राष्ट्रीय सभा या गावच्या न्यायालयात भरत असे, असे तेथे कळले, आणि ‘अमेरिकेची पहिली राजधानी’ असा गावाचा उल्लेखही ठिकठिकाणी दिसला. आम्ही तर शाळेत फिलाडेल्फिया शिकलो होतो. यात खरे काय? आणि आम्ही पाहिलेली इमारत मूळचीच आहे का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : सभा यॉर्कमध्ये भरली हे पूर्णपणे खरे आहे. आपण पाहिलेली इमारत मात्र मूळची नाही, आणि ‘पहिली राजधानी’ हा दावा तपासून पाहिला तर टिकत नाही. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे, कारण ऐतिहासिक फलक वाचताना आपली गफलत होते ती नेमकी त्या एकत्र केल्यामुळे.

इंग्लंडच्या राजाविरुद्ध एकत्र आलेल्या अमेरिकी वसाहतींची ‘काँटिनेंटल काँग्रेस’ ५ सप्टेंबर १७७४ रोजी प्रथम भरली ती फिलाडेल्फियात, सुतारांच्या संघाच्या ‘कार्पेंटर्स हॉल’ या सभागृहात. पुढच्या वर्षी १० मे रोजी दुसरी काँग्रेस त्याच शहराच्या स्टेट हाउसमध्ये बसली आणि १७७६ च्या जुलैमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेथेच संमत झाला. आपण शाळेत शिकलात ते हे, आणि ते बरोबरच आहे. परंतु ११ सप्टेंबर १७७७ रोजी ब्रँडीवाइनच्या लढाईत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्याचा पराभव झाला, ब्रिटिशांना फिलाडेल्फियाचा रस्ता मोकळा झाला आणि काँग्रेसच्या सभासदांना शहर सोडावे लागले. २६ सप्टेंबरला ब्रिटिश फौज शहरात शिरली. दुसऱ्या दिवशी, २७ सप्टेंबरला, काँग्रेसने लँकेस्टर गावी एकच दिवस बैठक घेतली. पण ते ठिकाणही पुरेसे सुरक्षित न वाटल्यामुळे सभासद सस्क्वेहाना नदी ओलांडून यॉर्कला गेले. शत्रू आणि सभा यांच्यामध्ये एक रुंद नदी असावी, हा त्यामागचा साधा हिशेब होता. ३० सप्टेंबर १७७७ पासून २७ जून १७७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ महिने, गावाच्या मध्यवर्ती चौकातील न्यायालयाची इमारत हेच या नव्या देशाचे सभागृह होते.

त्या नऊ महिन्यांत जे घडले ते आपण आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. साराटोगा येथे ब्रिटिश सेनापती बर्गोइन यांनी १७ ऑक्टोबरला शरणागती पत्करल्याची वार्ता काँग्रेसला यॉर्कमध्येच मिळाली. तेरा राज्यांनी एकत्र कसे राहावे याचा पहिला लेखी करार, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’, १५ नोव्हेंबर १७७७ रोजी याच न्यायालयात संमत झाला. त्याआधीचा वाद दीर्घ आणि कडवट होता : मत राज्यागणिक मोजावे की लोकसंख्येप्रमाणे, युद्धखर्चाचा वाटा जमिनीच्या किमतीवर ठरवावा की माणसांच्या संख्येवर, आणि पश्चिमेकडील अफाट जमिनींवर हक्क कोणाचा. अखेर प्रत्येक राज्याला एकच मत मिळाले आणि काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार मिळाला नाही. ज्या सभेला स्वतःच्या सैनिकांचा पगार देण्यासाठी राज्यांकडे मागणी पाठवून वाट पाहावी लागत होती, तिने ही दुर्बलता करारातही कायम ठेवली. तिचे परिणाम पुढे दिसलेच. त्याच हिवाळ्यात वॉशिंग्टन यांचे सैनिक व्हॅली फोर्ज येथे अपुऱ्या कपड्यांत आणि अपुऱ्या अन्नावर दिवस काढत होते. फ्रान्सशी झालेले तह पॅरिसमध्ये ६ फेब्रुवारी १७७८ रोजी सह्या होऊन जहाजाने आले आणि ४ मे रोजी यॉर्कमध्ये त्यांना मान्यता देण्यात आली. फ्रेंच मदतीशिवाय ते युद्ध जिंकले गेले असते असे म्हणणे कठीण आहे. तेव्हा एका लहानशा गावातील न्यायालयात झालेले हे कामकाज कोणत्याही मोठ्या सभागृहाच्या कामकाजाइतकेच मोलाचे ठरते.

आता इमारतीविषयी. मूळ न्यायालय चौकाच्या मधोमध उभे होते आणि एकोणिसाव्या शतकात ते पाडण्यात आले. आज त्या चौकाला ‘काँटिनेंटल स्क्वेअर’ म्हणतात. आपण पाहिलेली इमारत अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, १९७६ मध्ये, जुन्या इमारतीच्या धर्तीवर बांधलेली प्रतिकृती आहे, आणि तीही मूळ जागी नसून काही अंतरावर कोडोरस ओढ्याच्या काठी आहे. प्रतिकृती बांधण्यात गैर काहीच नाही; मुलांना त्या सभागृहाचा आकार आणि अरुंदपणा कळतो, हा मोठा लाभ आहे. मात्र ‘येथे सभा भरली’ हे वाक्य चौकात उभे राहून म्हणता येईल, प्रतिकृतीच्या दारात उभे राहून म्हणता येणार नाही.

‘पहिली राजधानी’ या दाव्याचे समर्थन असे केले जाते की, राज्यांना एका संघात बांधणारा आणि संघाला ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ हे नाव देणारा करार यॉर्कमध्ये संमत झाला, म्हणून देश खऱ्या अर्थाने तेथे जन्मला. परंतु १७७६ च्या जाहीरनाम्यात हे नाव आलेले होते, आणि ९ सप्टेंबर १७७६ रोजी काँग्रेसने ‘संयुक्त वसाहती’ ऐवजी ‘संयुक्त राज्ये’ लिहावे असा ठरावही केला होता. शिवाय यॉर्कमध्ये संमत झालेला करार अमलात आला तो मेरीलँड या शेवटच्या राज्याने मान्यता दिल्यावर, १ मार्च १७८१ रोजी, आणि तेव्हा काँग्रेस फिलाडेल्फियात परतून अडीच वर्षांहून अधिक काळ झाला होता. म्हणून यॉर्कने आपल्या नऊ महिन्यांचा अभिमान अवश्य बाळगावा, पण ‘पहिली’ हा शब्द सोडून द्यावा, असे माझे मत आहे. फलकावरचे एक अतिशयोक्त विशेषण शेजारच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास कमी करते.

प्रश्न : ही काँग्रेस आणखी किती गावांत भरली? त्यांतील मूळ इमारती आज शिल्लक आहेत का? न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली ती इमारत छायाचित्रात पाहिली आहे. ती तरी मूळची असावी.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे

उत्तर : १७७४ पासून १७८९ मध्ये नवे संविधान अमलात येईपर्यंत काँग्रेस आठ गावांत बसली : फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, लँकेस्टर, यॉर्क, प्रिन्स्टन, अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन आणि न्यूयॉर्क. बाल्टिमोरला ती १७७६ च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियावर चाल होईल या भीतीने गेली आणि हेन्री फाइट नावाच्या गृहस्थांच्या घरात दोन महिने बसली. ते घर १९०४ च्या मोठ्या आगीत जळाले. ट्रेंटनला ती एका खानावळीत भरली. प्रिन्स्टनला ती शत्रूमुळे नव्हे, तर स्वतःच्याच सैनिकांमुळे गेली : जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियाच्या सभागृहाला वेढा घातला आणि पेनसिल्व्हेनियाचे सरकार संरक्षण देईना, तेव्हा सभासदांनी प्रिन्स्टनच्या महाविद्यालयातील ‘नासाऊ हॉल’चा आश्रय घेतला. नासाऊ हॉल पुढे दोनदा आगीत सापडला, तरी त्याच्या जुन्या भिंती आजही उभ्या आहेत.

आपल्याला मूळ सभागृह पाहायचेच असेल तर अ‍ॅनापोलिसचे पाहावे. मेरीलँड राज्याच्या स्टेट हाउसमध्ये काँग्रेस १७८३-८४ मध्ये बसली होती. २३ डिसेंबर १७८३ रोजी वॉशिंग्टन यांनी तेथे सेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या स्वाधीन केला आणि १४ जानेवारी १७८४ रोजी तेथेच इंग्लंडबरोबरच्या पॅरिस तहाला मान्यता मिळाली. विजयी सेनापतीने सत्ता न घेता निवडून आलेल्या प्रतिनिधींसमोर उभे राहून पद सोडावे, ही घटना त्या काळी साऱ्या युरोपला विलक्षण वाटली. त्या खोलीत आज वॉशिंग्टन यांचा पूर्णाकृती पुतळा आहे, इमारत मूळची आहे, आणि राज्याचे विधिमंडळ अजूनही त्याच वास्तूत भरते.

न्यूयॉर्कविषयीची आपली समजूत मात्र दुरुस्त करावी लागेल. जेथे नव्या संविधानाखालची पहिली काँग्रेस बसली आणि जिच्या सज्जात ३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, ती इमारत, म्हणजे ‘फेडरल हॉल’, १८१२ मध्ये पाडली गेली. छायाचित्रात दिसणारी उंच खांबांची वास्तू १८४२ मध्ये जकात कचेरी म्हणून पूर्ण झाली. जागा तीच, इमारत वेगळी. पायऱ्यांवरचा वॉशिंग्टन यांचा पुतळा घटनेची जागा दाखवितो, इमारतीचे वय नव्हे.

प्रश्न : आपल्या देशाचे पहिले राष्ट्रीय कायदेमंडळ कोठे भरले, हे विचारले तर विद्यार्थी नेहमी संसद भवनाचे नाव सांगतात. मी दिल्लीतील जुन्या सचिवालयाचे नाव ऐकले आहे, आणि विठ्ठलभाई पटेल यांची अध्यक्षपदी निवड सिमल्यात झाली असेही वाचले आहे. नेमके कोणते ठिकाण सांगावे?
— एक निवृत्त शिक्षिका, जळगाव

उत्तर : आपण विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारावा : कोणते कायदेमंडळ? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलविण्याची घोषणा डिसेंबर १९११ मध्ये झाली आणि तात्पुरते सचिवालय म्हणून उत्तर दिल्लीत एक इमारत १९१२ मध्ये उभी राहिली. व्हाइसरॉयची कायदे कौन्सिल १९१३ पासून तेथे बसू लागली. रौलट कायदा मार्च १९१९ मध्ये तिने मंजूर केला, निवडून आलेल्या हिंदी सभासदांचा विरोध डावलून. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार पहिल्यांदाच दोन सभागृहांचे मध्यवर्ती कायदेमंडळ आले, त्यातील मध्यवर्ती विधानसभेत निवडून आलेल्यांचे बहुमत होते, आणि ९ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मतदानाचा हक्क फारच थोड्यांना होता आणि व्हाइसरॉय सभागृहाचा निर्णय बाजूला सारू शकत होता. तरीही प्रश्न विचारणे, अंदाजपत्रकावर बोलणे, सरकारी विधेयक हाणून पाडणे हे सारे आपल्या लोकांनी त्या सभागृहात शिकून घेतले. विधानसभा १९२६ पर्यंत दिल्लीच्या अधिवेशनांसाठी याच जुन्या सचिवालयात बसत होती. आज तेथे दिल्लीची विधानसभा भरते.

‘दिल्लीच्या अधिवेशनांसाठी’ असे मी मुद्दाम म्हटले, कारण उन्हाळ्यात सरकारबरोबर कायदेमंडळही सिमल्याला जात असे. तेथे नवे सभागृह १९२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि त्याच महिन्यात, २२ तारखेला, विठ्ठलभाई पटेल हे टी. रंगाचारी यांच्यावर अवघ्या दोन मतांनी मात करून विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यापूर्वीचे अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट हे सरकारने नेमलेले होते. विठ्ठलभाई हे सभागृहाने निवडलेले पहिले हिंदी अध्यक्ष. आपण वाचलेले बरोबर आहे : ही निवडणूक सिमल्याची. ते सभागृह आज हिमाचल प्रदेश विधानसभेचे आहे. दिल्लीतील आणि सिमल्यातील दोन्ही वास्तू विठ्ठलभाईंच्या स्मृतीवर रास्त हक्क सांगतात, कारण त्यांनी दोन्हीकडे सभागृह चालविले. केवळ निवडीचा दिवस सिमल्याकडे जातो.

गोल संसद भवन १८ जानेवारी १९२७ रोजी सुरू झाले. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ रोजी बॉम्ब टाकला तो तेथल्या विधानसभेच्या सभागृहात. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा त्याच वास्तूतील ज्या दालनात प्रथम भरली, ते पूर्वी ग्रंथालय होते. नंतर त्याला सेंट्रल हॉल हे नाव मिळाले. स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंडळ कोणते, असे विद्यार्थ्याने विचारल्यास सांगावे की, संविधान सभाच १७ नोव्हेंबर १९४७ पासून कायदेमंडळ म्हणूनही स्वतंत्रपणे बसू लागली आणि त्या दिवशी गणेश वासुदेव मावळंकर तिचे अध्यक्ष निवडले गेले. प्रौढ मतदानाने निवडलेली पहिली लोकसभा १३ मे १९५२ रोजी भरली. संसदेचे कामकाज सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या इमारतीत गेले आणि जुन्या भवनाला ‘संविधान सदन’ हे नाव देण्यात आले. येथे आपण अमेरिकेपेक्षा भाग्यवान ठरलो आहोत : या तिन्ही वास्तू उभ्या आहेत, आणि फलक लावणाऱ्याला ‘येथे’ हा शब्द निःशंकपणे लिहिता येतो.

प्रश्न : आमच्या भागात एका कार्यक्रमात वक्त्यांनी १९३६ च्या फैजपूर अधिवेशनाचा ‘देशाची पहिली ग्रामीण संसद’ असा उल्लेख केला. गावातील काही तरुणांना त्याच शब्दांचा एक फलक लावावयाचा आहे. हे शब्द योग्य आहेत का? नसतील तर काय लिहावे?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : तरुणांचा उत्साह मनापासून अभिनंदनीय आहे, परंतु हे शब्द लिहू नयेत. फैजपूरला डिसेंबर १९३६ च्या अखेरीस भरले ते राष्ट्रसभेचे, म्हणजे भारतीय राष्ट्रीय काँग्रेस या राजकीय संघटनेचे अधिवेशन होते. तेथे आलेले प्रतिनिधी काँग्रेसच्या सभासदांनी पाठविलेले होते, सर्व मतदारांनी निवडलेले नव्हते, आणि त्यांच्या ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. अमेरिकेच्या सभेचे नावही ‘काँग्रेस’ असल्यामुळे वक्त्यांचा गोंधळ झाला असण्याची शक्यता आहे.

खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, एवढे म्हटले तरी ते पूर्ण सत्य आहे आणि पुरेसे मोठेही आहे. त्यापूर्वीची अधिवेशने शहरांत भरली होती. गांधीजींच्या आग्रहामुळे हे अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूरला आले, अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते, आणि अधिवेशनासाठी उभारलेल्या ‘टिळकनगर’ची रचना चित्रकार नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबू, चटया अशा गावठी साहित्यात साकारली. खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडले. किसान सभेचे अधिवेशन त्याच वेळी तेथे प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि काँग्रेसने शेतसारा, खंड व कर्ज यांचे ओझे हलके करण्याचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी उचललेला भार आणि साने गुरुजींनी अधिवेशनासाठी खेडोपाडी केलेली वणवण यांचा उल्लेख फलकावर नसला, तर तो फलक खानदेशाचा म्हणता येणार नाही.

कायदेमंडळाशी फैजपूरचा खरा संबंध वेगळाच आहे आणि वक्त्यांनी तो सांगायला हवा होता. या अधिवेशनाने ब्रिटिशांनी केलेला १९३५ चा भारत सरकार कायदा नाकारला आणि स्वतंत्र भारताची घटना प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीने तयार करावी, अशी मागणी ठरावाने केली. ती मागणी काँग्रेसने याआधीही मांडली होती. पण शेतकऱ्यांच्या समुदायासमोर, खेड्याच्या मातीवर तिचा पुनरुच्चार झाला तो येथे. दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९४६ रोजी, दिल्लीत संविधान सभा बसली. ती फैजपूरच्या ठरावाप्रमाणे थेट प्रौढ मतदानाने नव्हे, तर प्रांतिक विधानसभांतील सभासदांच्या मतांनी निवडली गेली होती. हा फरकही तरुणांना समजावून सांगावा, कारण ‘संविधान सभेचा जन्म फैजपुरात झाला’ असे लिहिण्याचा मोह पुढे होणार, याची मला शंका आहे.

आता मजकुराविषयी. बांबूचे टिळकनगर अधिवेशनापुरतेच होते. म्हणून फलक इमारतीचा नसून जमिनीचा राहील, आणि तो अधिवेशनाच्या प्रत्यक्ष जागेवर किंवा तिची दिशा व अंतर देऊन लावावा. वयोवृद्धांच्या आठवणीवर विसंबून जागा ठरवू नये. अधिवेशनाचा छापील वृत्तान्त, त्या वेळची वर्तमानपत्रे आणि जमिनीचे जुने दप्तर यांचा मेळ बसला तरच ती नक्की करावी. मजकूर मराठीत आणि पाच-सहा ओळींपेक्षा मोठा नसावा : काय भरले, केव्हा भरले, अध्यक्ष कोण होते, कोणते ठराव झाले. खाली फलक लावणाऱ्या संस्थेचे नाव आणि लावल्याचे वर्ष अवश्य कोरावे, म्हणजे पुढच्या पिढीला फलक अधिवेशनाच्या काळचा वाटणार नाही. विद्यमान पुढाऱ्यांची नावे घटनेतील नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत येऊ देऊ नयेत. आपल्याकडील कोनशिलांची ही मोठी खोड आहे. रंगविलेला पत्रा आपल्या उन्हाळ्यात फार दिवस टिकत नाही, तेव्हा खर्च थोडा अधिक आला तरी काळ्या दगडात खोल अक्षरे कोरून घ्यावीत, आणि कोरण्यापूर्वी मजकूर ग्रामस्थांसमोर वाचून दाखवून तारखा इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकांकडून तपासून घ्याव्यात.